क्लिपलेस पेडल: स्प्रिंग सैल ठेवण्यात कमीपणा कसला?

साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहावा म्हणून मी अनेकांना सायकल चालवायला सांगतो. त्यातले काही जण वर्षभरात भारी सायकल घेतात, पाठोपाठ क्लिपलेस पेडल आणि बूट येतात. आणि मग एखाद्या दिवशी सुजलेलं मनगट घेऊन माझ्याकडे येतात. कारण विचारलं तर ना खड्डा, ना गाडीची धडक. सिग्नलला थांबले, बूट सुटला नाही आणि उभ्या सायकलसकट आडवे झाले.

नावावर जाऊ नका. पूर्वी पंजा अडकवायला पेडलवर पट्ट्याची क्लिप असे, ती गेली म्हणून 'क्लिपलेस'. पाय मात्र अडकतोच. बुटाच्या तळाची क्लीट पेडलच्या स्प्रिंगमध्ये बसते. टाच बाहेर वळवली की ती सुटते, पण घाबरलेला माणूस टाच वळवत नाही, पाय वर ओढतो. ही कल्पना बर्फावरच्या स्कीच्या पकडीवरून आली. बर्नार इनो १९८५ ची टूर द फ्रान्स अशाच पेडलवर जिंकला. तुम्हाला मात्र रेस जिंकायची नाही, सिग्नलला पाय टेकायचा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: सुरुवातीला स्प्रिंग सर्वात सैल ठेवा. 'सैल म्हणजे नवशिका' हे ग्रुपमधलं बोलणं मनावर घेऊ नका. शिमानोच्या एसपीडी प्रकारात पेडलवर छोटा स्क्रू असतो. बहुतेक पेडलना ३ मिमीची अ‍ॅलन की चालते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की स्प्रिंग सैल होते. दोन्ही बाजूंनी बूट बसत असेल तर दोन्हीकडचे स्क्रू सारखे करा. एक बाजू घट्ट राहिली तर पाय नेमका तिथेच अडकतो! चढावर बूट आपोआप सुटू लागला तरच एकेक 'टक्' घट्ट करत जा. याच प्रकारात एसएच५६ नावाची क्लीट मिळते, ती एकापेक्षा जास्त दिशांनी सुटते. नवख्यांनी तीच घ्यावी. आधी भिंतीला धरून दोन्ही पायांनी पन्नास वेळा अडकवा-सोडवा आणि रस्त्यावर थांबण्याच्या बरंच आधी एक पाय सोडवून ठेवा. चिखल साचला किंवा क्लीट झिजली तरी बूट नीट सुटत नाही, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा.

स्प्रिंग सैल केली की गुडघेदुखी जाईल असं मात्र नाही. ते बहुतेकदा क्लीटची जागा आणि सीटची उंची यांचं प्रकरण असतं.

पडताना आपण हात पुढे करतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं विरळ झालेली असतात, तिथे एवढंही फ्रॅक्चरला पुरतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल तर 'मुरगळलं असेल' म्हणून तेल चोळत बसू नका. तिथलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. दुर्लक्ष झालं तर ते हाड जुळत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर साधी सपाट पेडलच बरी. अशा गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.