रास्त भाव फक्त उसालाच?

"एवढे कसे हो? कॅमेरा तर तुमचाच आहे, आता रोलसुद्धा लागत नाही!"

मंडळी, हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या फोटोग्राफरने आठवड्यातून दोनदा तरी ऐकलेलं असतं. पुण्यात ऐकू येतं तसं खुटबावातही येतं. पण खुटबावात ते ऐकलं की माझं डोकं जरा जास्तच फिरतं. का, ते सांगतो.

खुटबाव म्हणजे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लाईनवर यवत आणि केडगावच्या मधलं स्टेशन. उसाचा आणि गुऱ्हाळांचा पट्टा. "उत्पादन खर्च" हा शब्द इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतो. एफआरपी म्हणजे काय हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. रास्त आणि किफायतशीर दर. २००९ मध्ये जुन्या एसएमपीच्या जागी तो आला. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये ठरला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि त्यावरून दरवर्षी भांडणं होतात. व्हायलाच पाहिजेत.

आता बघा, उसाचा खर्च काढताना बी-बियाणं, खत, पाणी, मजुरी तर धरतातच, पण घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाचीही मजुरी धरतात. बायकोने खुरपलं, बापाने रात्री पाणी दिलं, तर ते फुकट नाही. स्वामीनाथन आयोग २००६ मध्ये आणखी पुढे गेला. हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान ५० टक्के वर असावा, असं त्याने म्हटलं. हे आपल्या सगळ्यांना पटतं. आयटीवाल्यांनाही पटतं, फेसबुकवर तरी.

मग हाच हिशोब गावातल्या स्टुडिओवाल्याला लावला की आपल्या पोटात का दुखतं?

चला, लावून बघू. खालचे आकडे माझे, समजायला सोपे म्हणून घेतलेले. तुम्ही तुमचे घाला, गणित तेच राहील.

समजा एकाचा खुटबावात एक गाळा आहे. बारसं, जावळ, वाढदिवस, साखरपुड्याआधीचे फोटो, घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो, अशी पोर्ट्रेटची कामं तो करतो. कॅमेरा, दोन लेन्स, लाईट, कॉम्प्युटर आणि प्रिंटर मिळून ४ लाख. चार वर्षं टिकले तर वर्षाची झीज १ लाख. (कॅमेऱ्याचं शटर अमर नसतं. निकॉनचा डी-७५० कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासला होता. प्रत्येक क्लिकला थोडा थोडा कॅमेरा खर्च होतो, रोल लागत नसला तरी.) गाळ्याचं भाडं महिना ४,००० म्हणजे वर्षाला ४८,०००. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क ४२,०००. पेट्रोल, दुरुस्ती, विमा, पडदे वगैरे ५०,०००. झाले २ लाख ४० हजार. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी भरला तो यातच आला. एवढ्या छोट्या धंद्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण मग भरलेला कर परतही मिळत नाही.

आता त्याचा स्वतःचा पगार. महिना २५,००० धरू. आपल्याकडचा फ्रेशर एवढ्यात येईल का, हे तुम्हीच ठरवा :-) वर्षाचे ३ लाख. एकूण ५ लाख ४० हजार.

कामं किती? शूट दोन तासांचं दिसतं. पण जाणं-येणं, फोटो निवडणं, रंग दुरुस्त करणं, "मावशीचा तो फोटो नको, हा घ्या" असे सात फोन, प्रिंट, फ्रेम... दोन दिवस सहज जातात. वर्षाला १२० शूट म्हणजे २४० दिवस. यापेक्षा जास्त मिळतही नाहीत, कारण चातुर्मासात मुहूर्त नाहीत, पितृपक्षात कुणी वाढदिवसाचे फोटोसुद्धा काढत नाही. ५ लाख ४० हजार भागिले १२०. एका शूटचे ४,५००. यात नफ्याचा एक रुपया नाही. प्रिंटचा कागद वेगळा.

आणि मागणारा म्हणतो, "पंधराशे घ्या की."

पंधराशेने वर्षाचे १ लाख ८० हजार येतात. खर्च २ लाख ४० हजार. म्हणजे वर्षभर फुकट राबून वर ६० हजार खिशातले. मग स्टुडिओ चालतो कसा? तर झीज दिसत नाही म्हणून. रोख खर्च फक्त १ लाख ४० हजार असतो, ४० हजार हातात उरतात, आणि माणसाला वाटतं धंदा बरा आहे. चौथ्या वर्षी कॅमेरा बंद पडतो तेव्हा कळतं की आपण बेणं विकून खात होतो. मग नव्या कॅमेऱ्यासाठी कर्ज, आणि कर्जासाठी आणखी स्वस्तात कामं.

ऑफिसात हे मांडलं की एक ठरलेलं उत्तर येतं. "अरे, भाव मार्केट ठरवतं." वा! क्लायंटला आपला तासाचा दर सांगताना आपली कंपनी बेंचवरची माणसं, ऑफिसचं भाडं, एसी, कॅन्टीन सगळं धरते ना? तेव्हा मार्केट कुठे असतं? मार्केट भाव ठरवतं हे खरं, पण ज्याला स्वतःचा खर्चच माहीत नाही तो मार्केटमध्ये उतरत नाही, वाहून जातो. शेजारच्याने दोन हजार लावले म्हणून आपण अठराशे. शेजारच्याने तरी हिशोब केलाय का? त्याने तिसऱ्याकडे बघून लावलेत!

स्वस्ताई वाईट आहे असं मी म्हणत नाही. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर आठ पोर्ट्रेट घ्यायची पद्धत पेटंट केली आणि फोटो साध्या माणसाच्या आवाक्यात आला. ती स्वस्ताई तंत्रामुळे आली होती. पण ते तंत्र सगळ्यांनी उचललं, आणि तो स्वतः १८८९ मध्ये गरिबीत मेला. यंत्राने काम सोपं केलं तर भाव उतरू दे. पण माणसाची मजुरी शून्य धरून उतरवलेला भाव म्हणजे स्वस्ताई नाही, उसनवारी आहे.

आणि हो, रोल. रोलच्या काळात कमाई प्रत्यक्षात कुठे होती? निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात असायची. आजोबा गेले की भिंतीवर लावायला मोठा फोटो, पोरगी लग्नाची झाली की चार कॉप्या, प्रत्येक वेळी माणूस त्याच दुकानात यायचा. आता पहिल्याच दिवशी "सगळे फोटो पेनड्राईव्हवर टाका". त्यातलाच एक उद्या "भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" करत चौकातल्या फ्लेक्सवर झळकतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. असू दे. पण मग सगळं एकदाच विकायचं असेल तर सगळी किंमतही एकदाच घ्यावी लागणार. कागदावर भाव लावायचे दिवस संपले, आता भाव कामाला लावायचा.

"पण गावातल्या गरिबाने काय करायचं?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तर आहे. दर कमी करू नका, काम कमी करा. वरच्या हिशोबाने एका दिवसाचा खर्च २,२५० येतो. अर्ध्या दिवसाचं काम, स्टुडिओतच, पाच फोटो, एकदाच निवड, असं ठेवलं तर सव्वाअकराशे खर्च. बाराशेला देता येईल. कुणावर उपकार नाही, कुणाची लूट नाही.

आणि रास्तपणा दोन्ही बाजूंनी हवा. फोटोग्राफरनेही दरपत्रक भिंतीवर लावावं. पुण्याची गाडी दिसली की एक भाव आणि सायकल दिसली की दुसरा, हे बंद. किती फोटो, किती दिवसांत, बदल किती वेळा, हे आधी लिहून द्यावं. आगाऊ रक्कम घ्यावी आणि सांगितलेल्या तारखेला काम द्यावं. अल्बमला चार महिने लावणाऱ्याला रास्त भावाची भाषा शोभत नाही.

गिऱ्हाइकाने काय करावं? उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि गावातला प्रत्येक जण तो कारखान्याला सुनावतो. फोटोग्राफरची बाकी मात्र "पुढच्या बिलाला देतो" म्हणत दोन दोन हंगाम फिरते. चौदा दिवसांचा नियम तिथेही लावून बघा.

मोबाईलने फोटो काढायचे असतील तर खुशाल काढा, चांगले येतात. परवडत नसेल तर तसं सांगून लहान पॅकेज घ्या, त्यात लाज कसली. पण चांगला कॅमेरा, चांगला उजेड आणि एका माणसाचे दोन दिवस हवे असतील तर "काही कमी होईल का" विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: "या भावात तुमचं भागतं का?" उत्तर ऐकून मग घासाघीस करायची हिंमत झाली, तर करा.