‘ढ’ विद्यार्थी की ‘ढ’ वर्गखोली?

जूनअखेरीस विदर्भातील शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाऊसही जोर धरतो. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या एखाद्या गावातील पत्र्याच्या छपराची वर्गखोली डोळ्यांपुढे आणावी. सर कोसळू लागली की गुरुजींचा शब्द पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. मग ते फळ्यावर गणित लिहून देतात, मुले ते उतरवून घेतात आणि सर ओसरेपर्यंत शिकवणे थांबते. हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. शाळा गळू लागली तर ग्रामसभेत बोभाटा होतो. शाळेत ऐकू येत नाही, अशी तक्रार मात्र कोणी करीत नाही.

पावसाचा व्यत्यय निदान ध्यानात तरी येतो. त्याहून मोठा दोष बारमाही आहे आणि तो दिसत नाही. सिमेंटचा गिलावा, फरशीची जमीन आणि स्लॅबचे छत ही सारी कठीण पृष्ठे आवाज शोषीत नाहीत, परतवतात. अशा खोलीत उच्चारलेला शब्द घुमत राहतो आणि तो विरण्यापूर्वीच पुढचा शब्द त्यात मिसळतो. स्वर जोरकस असल्याने टिकतात. व्यंजने दुबळी आणि क्षणिक, ती पुसली जातात. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘दार’ आणि ‘धार’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतील अंतर केवळ एका निसटत्या महाप्राणाचे आहे. शेवटच्या रांगेतील मुलाने श्रुतलेखनात ‘पाठ’ऐवजी ‘पाट’ लिहिले की लाल शाई त्याच्या वहीवर उमटते. अशी तीन-चार वर्षे गेली की तो ‘ढ’ ठरतो. दोष खोलीचा, शिक्का मात्र मुलाच्या कपाळी!

प्रौढ माणूस अर्धवट ऐकलेला शब्द अनुभवाने पुरा करून घेतो. मुलाजवळ ती शिदोरी नसते, आणि ज्याच्या घरी शाळेची भाषा बोलली जात नाही त्याच्याजवळ तर मुळीच नसते. वाशीम जिल्ह्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. घरी गोरमाटी बोलणारे मूल शाळेत मराठी शिकते ते मुख्यतः कानांनी. सर्दीपडशाने वा कान वाहण्याने ज्याचे ऐकणे मंदावले आहे, त्याचीही हीच अवस्था. आणि गुरुजींचे काय? घुमणाऱ्या खोलीत ते आवाज चढवतात. त्याबरोबर घुमणेही वाढते आणि मुलांचा गलकाही. घसा बसणे हा शिक्षकी पेशाचा जुना विकार आहे, तो काही केवळ खडूच्या धुळीने होत नाही.

हे दुखणे नवे नाही आणि असाध्य तर नाहीच. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह उभे राहिले, तेव्हा त्यात वक्त्याचे बोलणे कळेना. एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या रात्री-अपरात्री तेथे आणून मोजमापे केली आणि एक सोपा नियम मांडला: खोली जितकी मोठी तितका निनाद लांबतो आणि शोषक पृष्ठभाग जितका अधिक तितका तो आखडतो. शोषणाचे माप म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परतत नाही.

हा नियम आपल्या वर्गखोलीला लावून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली वर्गासाठी निनादकाल सुमारे 0.6 सेकंद आणि बाहेरून येणारा आवाज 35 डेसिबलपर्यंत असावा, असे सुचविले आहे. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीचा निनाद इतका आखडण्यासाठी सुमारे 29 चौरस मीटर उघड्या खिडकीएवढे शोषण लागते. भिंती, खिडक्या आणि तीस मुले मिळून 17 चौरस मीटर धरले, तर निनाद एक सेकंदाचा होतो. उरलेली तूट छताच्या साधारण निम्म्या भागावर शोषक थर बसवून भरून निघते. अर्थात तो थर छताच्या कडांना आणि मागील भिंतीवर असावा. मधले छत कठीणच ठेवावे, म्हणजे ते गुरुजींचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवते. काथ्याचे किंवा लाकडी तंतू आणि सिमेंट यांचे फलक ही काही परदेशी चैनीची वस्तू नव्हे. पत्र्याखाली मोकळी पोकळी सोडून दुसरे छत घातले, तर पावसाचा मारा सौम्य होतो आणि उन्हाळ्यात गारवाही राहतो.

खेडोपाडी धड खोल्या नाहीत, तेथे हे लाड कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. 1987 च्या खडू-फळा मोहिमेपासून आपण खोल्यांची संख्याच मोजत आलो, आणि ते त्या वेळी योग्यही होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, कुंपण, क्रीडांगण यांची नोंद आहे. त्या खोलीत ऐकू यावे, याची नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवती शंभर मीटरांचे शांतता क्षेत्र आखले, पण ती काळजी शाळेच्या भिंतीपाशी संपते. डिजिटल शाळांसाठी मात्र आपण लोकवर्गणी गोळा केली. घुमणाऱ्या खोलीत पडदा बसविल्याने चित्र स्वच्छ दिसेल. शब्द तसाच अस्पष्ट राहील.

म्हणून जिल्हा परिषदांनी यापुढे नव्या वर्गखोलीच्या अंदाजपत्रकात निनादकालाची अट घालावी आणि पत्र्याच्या जुन्या खोल्यांना दुसरे छत हे दुरुस्तीचे पहिले काम मानावे. तोवर केंद्रप्रमुखांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी एक साधी परीक्षा घ्यावी. तपासणीच्या दिवशी खुर्ची सोडून शेवटच्या रांगेत बसावे आणि गुरुजी सांगतील ते श्रुतलेखन स्वतः लिहावे. मग मुलांच्या वहीआधी स्वतःची वही तपासावी.