काळ्या रंगातले बटण



वधू-वर स्तंभातला मजकूर छपाईपूर्वी आमच्या नजरेखालून जातो. मुलगी गोरी असेल तर तो शब्द पहिल्याच ओळीत येतो. नसेल तर 'गव्हाळ'. तेही नसेल तर रंगाचा उल्लेखच नाही! मागच्या महिन्यात एका आईने विचारले, "दादा, सावळी लिहू की गाळून टाकू?" तेव्हापासून हा रंग म्हणजे आहे तरी काय, हे आम्ही वाचत होतो. वाचता वाचता हाती लागले ते विजेचे बटण.

कातडीचा, केसांचा, डोळ्यांचा काळेपणा मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात, एवढाच काय तो फरक. उन्हातले घातक किरण हे द्रव्य शोषते, इतके शाळेच्या पुस्तकात असते. पुढचे नसते.

1974 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन या कर्करोग रुग्णालयात जॉन मॅकगिनेस, पीटर कोरी आणि पीटर प्रॉक्टर यांनी मेलॅनिन दोन विद्युत-टोकांमध्ये ठेवून विजेचा दाब वाढवत नेला. आधी वीज जवळजवळ अडून राहिली. एका ठराविक दाबाला मात्र ती एकदम मोकळी वाहू लागली, आणि पुन्हा पूर्ववत बंदही करता आली. घरातले बटण बोटाने दाबावे लागते. इथे विजेचा दाब हेच बोट. उंबरठा ओलांडला की आत, तोवर बाहेर. इंग्रजीतले नावही उंबरठ्याचेच आहे.

अशी बटणे त्याआधी काचेसारख्या निर्जीव पदार्थांच्या पातळ थरांत माहीत होती. 1968 मध्ये स्टॅनफर्ड ऑवशिन्स्की यांनी त्यावर निबंध छापला. हा गृहस्थ कॉलेजची पायरी न चढलेला, कारखान्यात यंत्रावर काम करून वर आलेला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पण मेलॅनिनला त्या थरांच्या मानाने शंभर ते हजार पटींनी कमी विद्युतक्षेत्र पुरले, म्हणजे काही सजीवांच्या शरीरात असते साधारण तेवढेच. शरीरातले इतरही पदार्थ तपासले गेले. त्यांपैकी सायटोक्रोम-सी तेवढे असे वागले, तेही जास्त क्षेत्र दिल्यावर.

पुढे 1979 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तांबे आणि टीसीएनक्यू या सेंद्रिय रेणूच्या पातळ थरात असेच बटण मिळाले, आणि त्याला 'स्मरण'ही होते. दाब काढला तरी स्थिती टिकते, म्हणून माहिती साठवायला असे थर उपयोगी पडतील, ही आशा तेव्हापासूनची. मेलॅनिनचा खुलासा मात्र बदलला. ते ओले असेल तरच वीज नीट वाहते, आणि त्या वहनात इलेक्ट्रॉनइतकाच पाण्यामुळे सुटणाऱ्या प्रोटॉनचाही हात असतो, असे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले. 1974 चा प्रयोग खरा, त्याचे कारण मात्र दुरुस्त झाले. विज्ञानात असे चालते, आणि कोणी कोणाला वाळीत टाकत नाही.

एक सावधगिरी. अमेरिकेत काही मंडळींनी मेलॅनिन जास्त म्हणून बुद्धी जास्त, असा सिद्धान्त काढला. त्याला पुरावा नाही. काळा वरचा म्हणणे हे गोरा वरचा म्हणण्याइतकेच खोटे; आम्ही तो माल घेणार नाही. तसाच हळद आणि डाळीच्या पिठाचा लेप. त्याने कातडी मऊ होईल, पण पेशींचा हिशेब बदलत नाही.

ते 1974 चे बटण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवले आहे. आणि त्या आईने मजकूर परत लिहून पाठवला. मुलगी बी.एड., उंची पाच फूट दोन इंच, सावळी. आम्ही तसाच छापायला दिला आहे.