कलांचा योगक्षेम आणि नगरपरिषदांचे कर्तव्य

बारामती व इंदापूर या दोन्ही गावांच्या नगरपालिका 1865 साली, एकाच वर्षी, स्थापन झाल्या. तेव्हापासून आजतागायत दिवाबत्ती, पाणी, रस्ते आणि आरोग्य यांची चिंता या संस्था आपापल्या परीने वाहत आल्या आहेत. परंतु गावाच्या मनालाही काही खाद्य लागते, त्याची ग्रंथालये, त्याचे गाणे, त्याची नाटके व त्याची चित्रे यांचाही योगक्षेम कोणी तरी पाहावा लागतो, आणि तो पाहणे हे नगरपरिषदेचे काम आहे, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. या कार्यासाठी करदात्यांच्या पैशांतून दरवर्षी ठरावीक रक्कम काढून ठेवावी, आणि ती कोणाच्या मर्जीवर नव्हे तर नियमाने खर्च व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत कित्येक सुशिक्षित गृहस्थांसही चमत्कारिक वाटते, म्हणून त्याचा थोडा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे.

बारामतीस कलेच्या आश्रयाची गोष्ट नव्याने सांगावयास नको. श्रीधराने आपले शिवलीलामृत शके 1640 मध्ये याच गावी, कऱ्हेच्या तीरी, पुरे केले, असे त्या ग्रंथाच्या अखेरीस त्यानेच नमूद करून ठेविले आहे. पुढे पन्हाळगडी जन्मलेले मोरोपंत पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस येऊन राहिले, आणि 1794 साली देह ठेवीपर्यंत ते बारामतीचेच होऊन गेले. आर्याभारत आणि केकावलि ही ज्या घरी लिहिली गेली, त्या घरची चूल नाईकांच्या आश्रयावर पेटत होती. प्रतिभा पैशाने विकत मिळत नाही हे खरे. पण प्रतिभेलाही भाकर लागते, हेही तितकेच खरे. आज मोरोपंतांचे नाव बारामतीकर अभिमानाने घेतात. तो अभिमान एका सरदाराने आपल्या खजिन्यातून केलेल्या खर्चाचे फळ आहे, इतके मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही.

या आश्रयात एक मोठे वैगुण्य होते. तो एका घराण्याच्या दैवाशी बांधलेला होता. घराणे चढते असेल तर कवी सुखी. घराणे उतरले की कवी उघडा. हीच कथा थोड्याफार फरकाने साऱ्या महाराष्ट्राची आहे. सांगलीस 1843 साली विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तो चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयास आश्रय दिला, आणि 1915 साली पॅलेस थिएटर उभे राहिले, ते त्यांच्याच इच्छेने. पुढे 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाचा महसूल, जमिनी आणि कचेऱ्या लोकराज्याने आपल्याकडे घेतल्या. वारसा घेणाऱ्याने ऋणही घ्यावे, हा आपल्याकडील जुना न्याय आहे. मग राजे लोक कलेसाठी जो खर्च करीत, त्याची जबाबदारी तेवढी वाटेत कोठे गळून पडली? लोकराज्यात राजाच्या जागी लोक आले असतील, तर राजाचा धर्मही लोकांकडे आला पाहिजे.

हे आमचे केवळ मनोराज्य नव्हे. 1992 साली राज्यघटनेत जी चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली, तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे सोपविता येण्याजोगे विषय दिले आहेत. त्यांत संस्कृती, शिक्षण आणि सौंदर्यदृष्टी यांचे संवर्धन हा विषय स्वतंत्रपणे नमूद आहे. आता आमच्या राज्याचा नगरपरिषदांविषयीचा 1965 चा कायदा पाहा. त्यात कर्तव्यांचे दोन वर्ग पाडले आहेत: काही आवश्यक, काही स्वेच्छाधीन. गटारे पहिल्या वर्गात आहेत. ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये दुसऱ्या. गटारे आवश्यक असावीत याविषयी आमची तक्रार नाही. परंतु जे काम स्वेच्छेवर सोडले जाते, ते कोणाचीच स्वेच्छा नसल्यामुळे राहून जाते, हा अनुभव प्रत्येक एकत्र कुटुंबात येतो, तसाच तो नगरपरिषदेतही येतो. ग्रंथालयांचेही तसेच. 1948 साली मद्रास प्रांतात जो ग्रंथालय कायदा झाला, त्यात मालमत्ताकरावर ग्रंथालयासाठी उपकर बसविण्याची तरतूद होती. आमच्या 1967 च्या कायद्यात अशा उपकरास जागा मिळाली नाही. ग्रंथालये शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचा आहे: आधी पाणी, मग गाणी. ज्या तालुक्यांत काही गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे नाटकाला पैसे मागणे ही चैन होय, असे म्हणतात. या आक्षेपात जी कळकळ आहे तिचा आम्ही आदर करतो. पण त्यातील तर्क आम्हांस मान्य नाही. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत जो ऊस दिसतो तो कोणी एकट्याने आपल्या कनवटीच्या पैशांवर पिकविलेला नाही. नीरेचा डावा कालवा सरकारी पैशाने खणला गेला. सहकारी साखर कारखान्यांस शासनाने भागभांडवल दिले, कर्जास हमी दिली. सार्वजनिक पैसा येथे आला म्हणूनच कोरडवाहू मुलखात समृद्धी आली. तेव्हा त्याला कोणी चैन म्हटले नाही. आणि या समृद्धीची किंमत संस्कृतीनेही मोजली आहे. 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले, आणि भीमाकाठी इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव पाण्याखाली गेले. तेथील प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे वर येते; लोक नावेत बसून ते पाहावयास जातात आणि हळहळून परत येतात. सार्वजनिक हितासाठी, सार्वजनिक पैशाने, एक मंदिर व त्याभोवतीचे गाव बुडविता येते, तर सार्वजनिक पैशाने त्या भूमीचे गाणे व तिची स्मृती तारता का येऊ नये?

शिवाय, सार्वजनिक पैसा संस्कृतीवर खर्च करू नये असे म्हणणारे आषाढात काय करतात? तुकोबांची पालखी बारामतीस मुक्कामाला येते, बेलवाडीस आणि इंदापुरास रिंगण होते, सराटीस नीरास्नान होते. त्या दिवसांत रस्ते झाडले जातात, पाण्याचे टँकर उभे राहतात, दवाखाने व दिवे यांची व्यवस्था होते. हा सारा खर्च सार्वजनिक आहे, आणि तो योग्यच आहे. त्यावर आजवर कोणी आक्षेप घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही, कारण वारी ही आपली आहे असे सर्वांस वाटते. म्हणजे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. प्रश्न आहे तो वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा.

दुसरा आक्षेप असा की, दाते पुष्कळ आहेत, पुढारी उदार आहेत. कार्यक्रम करावयाचा तर त्यांच्याकडे जावे. जावे खरे, पण मग फलकावर कोणाचे छायाचित्र मोठे असावे, उद्घाटनाला कोणास बोलवावे, आणि कोणास बोलावू नये, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे लागते. व्याख्यानमालेचा वक्ता दात्याच्या विरोधकांशी सलगीचा निघाला की मालेला ओहोटी लागते. नाईकांचा आश्रय निदान जन्मभर टिकला; आजचा आश्रय पुढील निवडणुकीपर्यंत टिकतो. दानास आमचा विरोध नाही. पण दान हा मीठमसाला आहे. भाकर नियमाची असावी. सहकाराने हे करता येते, याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात साखर कारखान्याच्या भोवती मुलांचा वाद्यवृंद उभा राहिला, आणि शेतकऱ्यांची मुले त्यात वाद्ये वाजवू लागली. जे वारणेकाठी झाले ते नीरेकाठी होऊ नये, असा काही विधिसंकेत नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो कलावंतांकडूनच येतो. सरकारी पैसा घेतला की सरकारी सूर लावावा लागेल, अशी त्यांस भीती वाटते. ती खोटी नाही. परंतु तिचे उत्तर पैसा नाकारणे हे नसून, पैसा देणारा हात आणि निवड करणारे डोके यांची फारकत करणे हे आहे. इंग्लंडात 1946 साली कलामंडळ स्थापन झाले, ते याच विचाराने: पैसा सरकारने द्यावा, पण तो कोणत्या नाटकाला व कोणत्या वाद्यवृंदाला जावा हे मंत्र्याने ठरवू नये. ही व्यवस्था तेथेही निर्दोष ठरली असे नाही. पण एका दात्याच्या दारी उभे राहण्यापेक्षा ती शतपटीने बरी.

येथे एक इशारा आम्ही देऊन ठेवतो. कलेसाठी पैसा म्हटले की आपल्या लोकप्रतिनिधींच्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी राहते, कारण इमारतीला कोनशिला बसविता येते. इंग्लंडातही हेच झाले होते. 1850 च्या ग्रंथालय कायद्याने नगरांस पौंडामागे अर्धा पेनी कर बसविण्याची मुभा दिली. मात्र त्यातून वास्तू उभारावी, नोकर ठेवावेत, पुस्तके लोकांनी देणगी द्यावीत! पाच वर्षांत ही चूक उमगली, आणि 1855 साली कर एक पेनी करून पुस्तके घेण्याची परवानगी देण्यात आली. आमच्या बारामतीस विद्या प्रतिष्ठानच्या आवारात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचे सभागृह आहे. तेव्हा वास्तूच नाही अशी स्थिती नाही. उणीव आहे ती तालमीची जागा, वादकाचे मानधन, पोथ्यांची जपणूक आणि नव्या पुस्तकांची खरेदी यांची. 8 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरचे ते जुने पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत जळाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, आणि ते योग्यच होते. पण गावोगावच्या नाट्यमंडळ्या व भजनी मंडळे दरसाल एकेक करून विझतात, त्यांचा धूर कोणास दिसत नाही.

मग करावे काय? आमची मागणी मोठी नाही. बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांनी आपल्या वार्षिक उत्पन्नातील रुपयामागे एक पैसा कलांसाठी राखून ठेवावा. दहा कोटींच्या उत्पन्नात हे दहा लाख होतात. वर्षाला तीन हजार रुपये घरपट्टी भरणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला तीस रुपये येतात. या पैशाचा विनियोग एका मंडळाने करावा. त्यात नगरसेवकांचे बहुमत नसावे, सभासदांची मुदत ठरलेली असावी, आणि हिशेब दरवर्षी ग्रंथालयाच्या दाराशी लावावा. या पैशातून कोणतीही इमारत बांधू नये, आणि कोणत्याही फलकावर कोणाचेही छायाचित्र छापू नये. या दोन अटी पाळल्या की पैशाची निम्मी उधळपट्टी आपोआप थांबेल.

शेवटी दोन शब्द आमच्याच वर्गास. आम्ही महाविद्यालयात शिकवितो, म्हणून दरसाल पाहतो की एकांकिकेत चमकलेला मुलगा, सुगम संगीतात बक्षीस मिळविलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली की तिचा आवाज पुन्हा या गावात ऐकू येत नाही. ज्यांस शक्य असते ते पुण्यास जातात, बाकीचे गप्प बसतात. आणि आपण सुशिक्षित मंडळी मोटारीत बसून पुण्यास नाटक पाहावयास जातो, परत आल्यावर आपल्या गावात काही होत नाही म्हणून खंत करतो. ही खंत फुकटची आहे. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरसाल मांडला जातो; तो मागवून वाचण्याचा हक्क आपला आहे, आणि त्यात कलांच्या नावाने काय लिहिले आहे हे विचारण्याचाही आहे. यंदाचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा वाचकांपैकी दहा जणांनी जरी तो प्रश्न लेखी विचारला, तरी आमच्या या लेखनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.