कपाटातले खोत आणि आपली माणसं

पावसाळा लागला की मी श्री. ना. पेंडसे वाचायला काढतो. 'गारंबीचा बापू', 'रथचक्र', आणि सवड असली तर 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही जाडजूड खंड. परवा एका तरुण मित्राने कपाट बघून विचारलं, "भाई, यात आपली माणसं कुठे आहेत? हे वाचून तुम्हाला करमतं कसं?"

करमतं. त्याची मला लाज वाटत नाही. चार पिढ्यांची भाऊबंदकी, जगबुडीचा काठ, हातची जाणारी खोती, यात परकं काय आहे? कोकणात मुसलमान खोतही होते. १९४९च्या कायद्याने त्यांचीही खोती गेली. माझी दादी मेलेल्या माणसांची भांडणं अशीच रंगवून सांगायची. दुसऱ्याच्या घराची गोष्ट वाचताना आपलं घर आठवलं, तर बिघडलं कुठे? पेंडशांनी आमची कादंबरी लिहिली नाही, ही तक्रारही मला मान्य नाही. ते त्यांच्या ओळखीचं लिहीत होते.

माझी तक्रार वेगळी आहे. मराठी कादंबरीत मुसलमान बहुधा एखादा प्रश्न घेऊनच येतो: तलाक, दंगल, सुधारणा. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) कोकणातल्या गावाचीच. ती मोठीच कादंबरी आहे, पण ती वाचून झोप उडते. झोप उडवणारी पुस्तकं हवीतच. मात्र ज्या समाजाच्या वाट्याला फक्त तीच येतात, तो इतरांना कायम समस्या वाटतो, शेजारी वाटत नाही.

कलमाच्या बागेवरून दोन चुलत भावांनी धरलेला जन्माचा अबोला, बोटीवर गेलेल्या नवऱ्याच्या मनीऑर्डरीवर बाईने उभं केलेलं घर, ईदेला मुंबईहून येणारी ट्रंक. हे कोणी लिहायचं? चार पिढ्या आपण याच मातीसाठी आपसात भांडलो, यापेक्षा इथलं असल्याचा मोठा पुरावा कोणता?

सोलापूरला १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपण व्यथा पुष्कळ मांडल्या. त्या खऱ्याच आहेत. पण व्यासपीठावर व्यथा मांडणारेही घरी जाऊन भाऊबंदांशी भांडतात, हसतात, लग्नं जुळवतात. ते कागदावर का येत नाही?

तेव्हा मित्रा, माझ्या कपाटावर रागावू नकोस. माझी दादी गेली, तिच्या गोष्टी अर्ध्याच राहिल्या. मीही तेव्हा लिहून घेतल्या नाहीत. तुझी दादी अजून आहे. तिच्याजवळ बस आणि लिही.