कांद्याच्या पातीवरचा डाग आणि चुकीची दवा

सटाण्याच्या आणि नामपूरच्या बाजारात येणाऱ्या उन्हाळ कांद्यामागे बागलाणातल्या अनेक घरांनी स्वतः राखलेले बियाणे असते. निवडक कांदे लावायचे, डोंगळे येऊ द्यायचे आणि गोंडे वाळले की बी काढायचे, ही आपली जुनी रीत. ते बी हातचे गेले तर पुढच्या हंगामाला विकतचे बियाणे घ्यावे लागते. म्हणून या महिन्यात डोंगळ्यावर आणि पातीवर पडणाऱ्या एका डागाची ओळख करून घेऊ.

हा डाग वाळल्या गवताच्या रंगाचा आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. कधी त्याच्या मधोमध हिरवा ठिपका शिल्लक राहतो. बरेच जण त्याला करपा समजून बुरशीनाशक फवारतात. करपा बुरशीमुळे होतो, हा डाग मात्र विषाणूचा आहे. आयरिस नावाच्या फुलझाडावर तो आधी ओळखला गेला, म्हणून त्याचे नाव ‘आयरिस यलो स्पॉट’. भारतातल्या कांद्यावरची त्याची शास्त्रीय नोंद 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, ती जालना आणि नाशिक भागातल्या पिकावरून.

हा विषाणू पसरवतात फुलकिडे, म्हणजे आपले थ्रिप्स. रोगट पातीचा रस शोषताना पिल्लाच्या अंगात विषाणू शिरतो आणि पंख फुटल्यावर तेच फुलकिडे तो दुसऱ्या झाडावर नेतात. कांद्यात हा विषाणू सहसा सगळ्या झाडात भिनत नाही. किडा जिथे चावला तिथेच डाग पडतो. जितके किडे, तितके डाग. बियातूनही हा रोग पुढे जात नाही. पण डोंगळ्याच्या दांड्याला डागाचा वेढा बसला, की दांडा मोडतो आणि बी भरण्याआधीच गोंडा आडवा होतो.

कोळी किडीचेही असेच आहे. ब्राझीलमध्ये संत्र्यावरचा ‘लेप्रोसिस’ कोळी पसरवतात आणि तिथेही डाग चाव्याच्या जागीच राहतो. आपल्याकडे तुरीचा वांझ रोग डोळ्यांना न दिसणारा कोळी आणतो, पण तो रोग झाडभर पसरतो आणि शेंगाच धरत नाहीत. म्हणून तुरीचे रोगट झाड दिसताच उपटायचे असते. कांद्यात मात्र झाड उपटण्यापेक्षा किडे आवरणे महत्त्वाचे.

खुरपणीला बसणाऱ्या आपल्या भगिनींच्या नजरेस हे आधी पडते. पातीच्या बेचक्यात पाहा, पांढऱ्या कागदावर पात झटका आणि किडे मोजा. एका झाडावर सरासरी 30 किडे झाले की फवारणीची वेळ आली असे समजा. कीटकनाशकात चिकट द्रव्य मिसळा, कारण गुळगुळीत पातीवर थेंब टिकत नाही. दर वेळी तेच औषध वापरू नका. लागवडीच्या महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या दोन ओळी पेरल्या, तर किड्यांना आडकाठी होते. बियाण्याचा कांदा आणि नवी लागवड शेजारी-शेजारी नको. गोंडे फुलल्यावर कीटकनाशक टाळा. मधमाश्या मेल्या तर बीच धरणार नाही. म्हणून किड्यांचा बंदोबस्त फुलोऱ्याआधीच करायला हवा. डागाबद्दल शंका असेल, तर रोगट पात कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि मगच दुकानात जा.

प्रत्येक आजाराला दवा आहे आणि नेमकी दवा लागू पडली की अल्लाहच्या हुकमाने आराम मिळतो, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यातला ‘नेमकी’ हा शब्द शेतकऱ्याने ध्यानात ठेवावा. विषाणूच्या डागावर बुरशीनाशक मारणे म्हणजे उधारीवर आणलेल्या पैशांचा इसराफ. त्यात जमीन, पाणी आणि शेजाऱ्याची विहीर यांचेही नुकसान होते. जमीन आपल्याकडे अमानत आहे. पुढच्या वेळी पंप पाठीवर घेण्याआधी पात हातात घेऊन नीट पाहा.