रॅप गाऊन न्याय मिळतो का?

धारावीत २०१५ पासून ‘धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ वस्तीतल्या मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग, ब्रेकडान्स शिकवतो. पुनर्विकासात घर कुणाला मिळणार, हा तिथला आजचा मोठा प्रश्न. तो गाण्यातून मांडल्यानं काही बदलेल?

तमिळनाडूतल्या कोडाईकनालचं उदाहरण पाहा. पाऱ्याचा कचरा उघडकीस आल्यावर हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. कामगार भरपाईसाठी झगडत राहिले. २०१५ मध्ये सोफिया अश्रफचं ‘कोडाईकनाल वोन्ट’ हे रॅप व्हायरल झालं. २०१६ मध्ये कंपनीनं ५९१ माजी कामगारांशी समझोता केला.

श्रेय एकट्या गाण्याचं नाही. कामगारांची संघटना आणि हायकोर्टातला खटला आधीपासून होता. रॅपनं त्याकडे जगाचं लक्ष वेधलं.

थोडक्यात, माईकमुळे आवाज लांब पोहोचतो. पण न्याय मिळवायला त्यामागे चिवट लढा लागतो.